बुडालेल्यांची साक्ष

इतिहास कोणाचा लिहिला गेला, हा प्रश्न दलित साहित्याने मराठी वाङ्मयात ठामपणे विचारला. परंतु इतिहास कशावरून लिहिला गेला, हा त्याच्याच पोटातला प्रश्न आपल्या समीक्षेने तितक्या आग्रहाने विचारलेला नाही. बखर, फर्मान, ताम्रपट, महजर, रोजकीर्द ही सारी साधने ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी निर्माण केली. त्यांत आपला पूर्वज आला तो वेठ म्हणून, बलुत्याचा वाटा म्हणून, नाहीतर गावकुसाबाहेरच्या घरांचा आकडा म्हणून. आणि आज आपण आपले म्हणणे मांडू लागलो की प्रस्थापित समीक्षक विचारतो, पुरावा काय? म्हणजे ज्या व्यवस्थेने आपल्याला कागदापासून दूर ठेवले, तीच आपल्याकडे कागद मागते.

या संदर्भात समुद्राच्या तळाशी झालेल्या एका कामाचा विचार करणे मला अगत्याचे वाटते. बुडालेल्या युद्धनौकांचे उत्खनन हा विषय अशा नियतकालिकात कशासाठी, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, आरमार ही राजसत्तेने स्वतःविषयी सांगितलेली मोठी भव्य गोष्ट असते. जहाजांची यादी, तोफांची मोजदाद, सेनापतींच्या स्वाऱ्या, जयपराजय, एवढ्यात ती गोष्ट संपते. बुडालेले जहाज मात्र ही निवड करीत नाही. सेनापतीचे ताट आणि खलाशाचा वाडगा दोन्ही एकाच गाळात पुरले जातात. म्हणून अशा जहाजाचे उत्खनन ही दरबारी इतिहासाची उलटतपासणी ठरते.

उदाहरण म्हणून इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाची 'मेरी रोझ' ही युद्धनौका घेऊ. १५१०-११ च्या सुमारास पोर्ट्समथ येथे बांधलेली ही नौका तीनेक दशके राजाच्या आरमारात होती. १९ जुलै १५४५ रोजी फ्रेंच आरमाराशी सोलेंटच्या सामुद्रधुनीत गाठ पडली असताना ती कलंडली आणि बुडाली. राजा किनाऱ्यावरच्या साउथसी किल्ल्यातून ते पाहत होता. नौकेवरच्या चारशेहून अधिक माणसांपैकी चाळीससुद्धा वाचली नाहीत. १९७१ साली तिचा ठावठिकाणा पक्का झाला आणि मार्गारेट रूल यांच्या देखरेखीखाली झालेल्या उत्खननानंतर ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तिचा उरलेला सांगाडा वर काढण्यात आला. नौका उजव्या कुशीवर पडली होती. ती बाजू गाळात रुतून टिकली, आणि उघडी राहिलेली डावी बाजू प्रवाहाने व लाकूड खाणाऱ्या किड्यांनी संपवली. जवळजवळ अर्धे जहाज हाती आले. त्याच्यासोबत सुमारे एकोणीस हजार वस्तू आणि किमान १७९ माणसांचे अवशेषही हाती आले.

या आरमाराचा दरबारी दस्तऐवज उपलब्ध आहे. अँथनी अँथनी नावाच्या अधिकाऱ्याने १५४६ साली राजाला ५८ जहाजांची एक सचित्र गुंडाळी नजर केली. तीत प्रत्येक जहाजाचे रंगीत चित्र आहे, निशाणे फडकत आहेत, तोफा बाहेर डोकावत आहेत. चित्राखाली वजन, माणसे, तोफा, दारू, धनुष्ये यांची मोजदाद आहे. गंमत अशी की आदल्या वर्षी बुडालेली 'मेरी रोझ'ही तीत आहे. समुद्राने गिळलेले जहाज राजाच्या कागदावर डौलाने तरंगत आहे! तिच्यावर १८५ सैनिक, २०० खलाशी आणि ३० गोलंदाज, एकूण ४१५ माणसे, असे गुंडाळी सांगते. त्या ४१५ जणांपैकी एकाचेही नाव तिथे नाही. तोफा जशा मोजल्या तशीच माणसे मोजली. ही गुंडाळी सुंदर आहे यात शंका नाही. इतिहासकारही तिच्यावर लुब्ध आहेत, आणि तिच्यावाचून त्यांचे चालतही नाही. पण सौंदर्याचा हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. माणूस वगळून उभी राहणारी ही चित्रकला आणि वस्ती वगळून खेडे रंगवणारी आपल्याकडची ललित कलाकृती यांचे नाते जवळचे आहे.

आता तळाशी काय सापडले ते पाहू. तोफांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षणीय आहे. पितळी रंगाच्या ओतीव काशाच्या नव्या तोफा आणि लोखंडी पट्ट्या व कडी ठोकून केलेल्या, मागून दारू भरण्याच्या जुन्या तोफा, दोन्ही एकाच नौकेवर आणि त्याही लढाईच्या तयारीत मांडलेल्या सापडल्या. जुने तंत्र गेले आणि नवे आले, अशी जी सरळ प्रगतीची रेषा पाठ्यपुस्तके आखतात ती इथे टिकत नाही. ओतीव तोफा चार लहान चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या होत्या. नौका पुढच्या काळात तोफांचा तरता किल्ला कशी बनली, याची ही पूर्वतयारी आहे. तरीही त्याच नौकेवर दीडशेहून अधिक लांब धनुष्ये आणि हजारो बाण होते. त्या काळची अशी धनुष्ये पाहायलासुद्धा फारशी उरली नव्हती. ती इथे पेट्या भरून मिळाली. आरमार कसे लढत होते याविषयीचे ज्ञान या एका नौकेने जितके वाढवले तितके एखाद्या दप्तरखान्याने क्वचितच वाढवले असेल.

पण मला अधिक महत्त्वाची वाटतात ती हाडे. अॅन स्टर्लंड या अस्थितज्ज्ञ विदुषीने या सांगाड्यांचा अभ्यास केला. बहुतेक माणसे तरुण, तिशीच्या आतली. काही तर अर्धवट वयाची पोरे. काहींच्या हाडांवर बालपणीच्या कुपोषणाच्या खुणा. खांद्याच्या फऱ्याच्या टोकाला हाडाचा एक छोटा भाग असतो, तो सर्वसाधारणपणे विशीच्या आसपास मुख्य हाडाशी सांधला जातो. इथल्या बऱ्याच जणांच्या खांद्यात तो सांधलाच गेलेला नाही. वाढत्या वयापासून जड धनुष्य ओढत राहिल्याचा हा परिणाम असावा, असा स्टर्लंड यांचा तर्क आहे. तो तर्कच आहे, सिद्धान्त नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. परंतु मुलांना लहानपणापासून धनुष्याचा सराव सक्तीचा करणारे कायदे त्या देशात होते, हे पाहिले म्हणजे त्याचे वजन वाढते. राजाचा कायदा कागदावर लिहिला गेला आणि त्याची अंमलबजावणी पोरांच्या खांद्यावर उमटली.

श्रम हाडावर उमटतो, ही गोष्ट आपल्याला कोणी शिकवावी लागत नाही. माझ्या वडिलांची शाळेतली जन्मतारीख १ जून आहे. गुरुजींनी घातलेली. वस्तीतल्या अर्ध्या पुरुषांचा जन्म असाच १ जूनला झालेला आहे. त्यांचे खरे वय कागद सांगत नाही. मान आणि पाठ सांगते. घरातला पहिला पदवीधर म्हणून मला कागदाची किंमत पुरेपूर ठाऊक आहे, त्याच्याच बळावर मी आज वर्गात उभा राहतो. म्हणून कागद फेकून द्या असे मी म्हणणार नाही. कागद जिथे खोटे बोलतो किंवा मूग गिळून बसतो तिथे शरीराची साक्ष ग्राह्य धरा, एवढेच माझे म्हणणे आहे. दलित आत्मकथने हेच करीत आली आहेत.

'मेरी रोझ'च्या तळघरात विटांच्या भट्ट्या आणि मोठाले हंडे होते. तिथे आचारी राबत होता. वर अधिकाऱ्यांसाठी कथिलाची ताटे होती, त्यांतल्या काहींवर नौकेचा सरदार सर जॉर्ज कॅर्यू याच्या नावाची आद्याक्षरे आहेत. खाली खलाशांसाठी लाकडी वाडगे होते. त्यांवर ज्याने त्याने चाकूने आपापली खूण कोरलेली. बहुतेक खुणा म्हणजे नुसत्या रेघा, फुल्या. परंतु एका वाडग्यावर आणि एका पेल्याच्या झाकणावर 'नाय कोप' असे नाव कोरलेले सापडले. झाकणावर तर नावापुढे 'आचारी' असा हुद्दाही आहे. राजाच्या गुंडाळीने ज्याची नोंद घेतली नाही त्याने आपली नोंद आपणच वाडग्यावर घेतली. आपल्या घरांतून भांड्यांवर नाव घालून घेतात. कित्येक घरांत आईचे किंवा आजीचे नाव आयुष्यात प्रथम कुठे लिहिले गेले असेल तर ते त्या स्टीलच्या तांब्यावर. या नावाला कोणी साहित्य म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. परंतु 'मी आहे, हे माझे आहे' हे विधान लिखित रूपात करणे, इथूनच आत्मकथनाची सुरुवात होते. दलित आत्मकथन 'केवळ दस्तऐवज' आहे, कलाकृती नव्हे, असे म्हणणाऱ्या समीक्षकाने दस्तऐवज कोणाला करता येत होता याचा आधी विचार करावा.

आता नौका बुडाली कशी, या प्रश्नाकडे वळू. समीक्षेच्या दृष्टीने खरा वादाचा मुद्दा इथे आहे. फ्रेंच म्हणाले, आमच्या तोफांनी बुडाली. नौका वळताना वाऱ्याच्या झोताने कलली आणि खालच्या रांगेतल्या तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी शिरले, असे दुसरे कथन आहे. उत्खननात झरोके उघडे आणि तोफा बाहेर काढलेल्या आढळल्या, त्यामुळे या कथनाला बळ मिळते. परंतु आणखी एक कथा शतकानुशतके चालत आली. बुडण्यापूर्वी कॅर्यूने शेजारच्या नौकेवरच्या आपल्या चुलत्याला ओरडून सांगितले म्हणे, की माझ्या नौकेवरची माणसे हरामखोर आहेत, ती मला आवरत नाहीत. ही कथा कॅर्यू घराण्याच्या बाजूने सांगितली गेलेली आहे. सरदार बुडाला तरी त्याची अब्रू वाचली. दोष कोणाचा? खालच्यांचा. ते शेकडो लोक बोलायला उरले नव्हते.

आश्चर्य याचे की आधुनिक विज्ञानाच्या काळातही ही कथा नव्या कपड्यात परत आली. दातांमधील रासायनिक खुणांवरून माणूस कोणत्या प्रदेशात वाढला याचा अंदाज बांधता येतो. २००९ साली काही संशोधकांनी अशा तपासणीवरून असे मांडले की नौकेवरची निम्म्याहून अधिक माणसे परदेशी, दक्षिणेकडची असावीत, आणि त्यांना हुकूम न कळल्याने झरोके वेळेवर बंद झाले नसावेत. २०१० साली दुसऱ्या अभ्यासकांनी याला हरकत घेतली. तपासलेले सांगाडे मोजकेच होते आणि त्याच आकड्यांचा अर्थ ब्रिटनमध्ये वाढलेली माणसे असाही लागू शकतो, असे त्यांनी दाखवले. विज्ञानातील वाद विज्ञानाने मिटवावा. परंतु माणसे परदेशी होती असे क्षणभर मानले तरी, परदेशी होती म्हणून नौका बुडाली, हा निष्कर्ष कोणत्या दातातून निघाला? तो निघाला कॅर्यूच्या कथेतून. समीक्षकाने पुराव्याचा आणि पूर्वग्रहाचा जोड कुठे बसवला आहे ते शोधायचे असते.

दोष द्यायचाच तर एका वस्तूकडे पाहावे. शत्रूने नौकेवर उडी घेऊ नये म्हणून डेकवर जाळे ताणलेले होते. नौका कलंडली तेव्हा याच जाळ्याखाली माणसे अडकली आणि म्हणून इतकी थोडी वाचली. शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी बांधलेल्या जाळ्याने आपल्याच माणसांना आत कोंडले. हे जाळे खलाशांच्या हट्टामुळे ताणलेले नव्हते, हुकमाने ताणलेले होते.

तुलनेसाठी स्वीडनची 'व्हासा' पाहा. गुस्ताव दुसरा अॅडॉल्फ राजाने हौसेने बांधवून घेतलेली, ६४ तोफांची ही नौका १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात सुमारे १३०० मीटर जाऊन बुडाली. निघण्यापूर्वी तिची परीक्षा झाली होती. तीस माणसांना डेकवर या कडेहून त्या कडेला पळवले, नौका इतकी डोलू लागली की तिसऱ्या फेरीनंतर परीक्षाच थांबवली. नौका मात्र थांबवली नाही. पुढे चौकशी बसली आणि कोणालाही शिक्षा झाली नाही. कारण प्रश्न वर चढत चढत राजापर्यंत पोहोचला असता. 'मेरी रोझ'वर दोष खाली ढकलता आला, 'व्हासा'वर तो ढकलायला खाली कोणी सापडले नाही, म्हणून कोणाचाच दोष उरला नाही.

ही नौका १९६१ साली वर काढली. तिच्यावरच्या अवशेषांपैकी 'जी' या अक्षराने नोंदलेल्या सांगाड्याला अनेक वर्षे पुरुष समजले गेले, 'गुस्ताव' म्हणून तो ओळखला जाई. २०२३ साली जनुकीय तपासणीचा निष्कर्ष जाहीर झाला की ती स्त्री होती. म्हणजे हाडेसुद्धा आपोआप बोलत नाहीत. वाचणाऱ्याच्या मनात युद्धनौकेवर पुरुषच असणार हे ठरलेले असेल तर तो बाईच्या हाडांतही पुरुषच वाचतो. 'मेरी रोझ'वरच्या एका तरुणाच्या कवटीवरून त्याचे पूर्वज आफ्रिकी असावेत असा अंदाज २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला, आणि तो बहुधा ब्रिटनमध्येच वाढला होता असेही दिसले. संग्रहालयाने त्याला 'हेन्री' हे नाव दिले आहे. त्याच्या आईने ठेवलेले नाव गेले आणि वाट्याला आले ते राजाचे नाव.

सरतेशेवटी ज्या माणसासाठी हा लेख लिहावासा वाटला त्याच्याकडे येतो. नौका बुडाल्यानंतरच्या वर्षांत तिच्या तोफा काढण्याचे काम पिएरो पाओलो कोर्सी या व्हेनिसच्या माणसाने घेतले. त्याच्या पाणबुड्यांचा म्होरक्या होता जॅक फ्रान्सिस. आफ्रिकेच्या गिनी भागातल्या एका बेटावर जन्मलेला, वय सुमारे वीस. पुढे साउदम्प्टनजवळ बुडालेल्या दुसऱ्या एका जहाजावरचा माल चोरल्याचा आरोप इटालियन व्यापाऱ्यांनी कोर्सीवर केला. फेब्रुवारी १५४८ मध्ये इंग्लंडच्या आरमारी न्यायालयात जॅक फ्रान्सिसने दुभाष्यामार्फत साक्ष दिली. व्यापाऱ्यांच्या बाजूने तत्काळ हरकत आली: हा गुलाम आहे, धर्महीन आहे, याच्या शब्दावर विश्वास ठेवता येणार नाही. त्याने पाण्याखालून काढलेला माल मात्र सर्वांना हवा होता. न्यायालयाने त्याची साक्ष नोंदवून घेतली. त्यामुळेच आज तो आपल्याला माहीत आहे. मिरांडा कॉफमन यांच्या 'ब्लॅक ट्यूडर्स' (२०१७) या ग्रंथात त्याची हकीकत आली आहे.

ही हरकत वाचताना मनुस्मृतीचा आठवा अध्याय आठवल्यावाचून राहत नाही. साक्षीदार कोण होऊ शकतो हे तिथे तपशीलवार सांगितले आहे. द्विजांना द्विज, शूद्रांना शूद्र आणि अंत्यजांना अंत्यज. अंत्यजाचे खरे बोलणे द्विजाच्या विरुद्ध कानावरच येऊ नये, अशी ही तजवीज आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे जाळले गेले त्यात साक्षीचा हा कायदाही जळाला.

मात्र इथे घाईने समीकरण मांडू नये. 'मेरी रोझ'चा आचारी गरीब होता, राबणारा होता, पण अस्पृश्य नव्हता. त्याचा वाडगा दुसऱ्या खलाशाने उचलला असता तर वाडगा बाटला नसता. जात ही केवळ दारिद्र्याची दुसरी बाजू नव्हे. शिवाय ही माणसे राजाच्या युद्धासाठी शस्त्र धरून उभी होती, त्यांना संत करण्याचे कारण नाही. इंग्रजी न्यायाचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. जॅक फ्रान्सिसची साक्ष ऐकणाऱ्या त्याच इंग्लंडचा जॉन हॉकिन्स अवघ्या चौदा वर्षांनी, १५६२ साली, आफ्रिकी माणसे पकडून विकायला निघाला. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, ती या दोन दुःखांतला भेद न जाणता नव्हे. भेद जाणूनच त्यांनी नाते जोडले. आपल्या समीक्षेनेही तेच करावे.

आपल्या किनाऱ्याचे काय? आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. आरमारासाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडे जबरीने तोडू नयेत, ही त्यातली आज्ञा योग्यच म्हणून गौरवली जाते. पण रानात लाकूड कोणी तोडले, किनाऱ्यापर्यंत कोणी ओढले, फटींत कापूस आणि तेल-राळ कोणी भरले? मायनाक भंडारी, दौलतखान, कान्होजी आंग्रे ही नावे आपण जाणतो. त्यांच्या गुराबा-गलबतांवरचे कोळी, भंडारी, गाबीत खलाशी समूहनामापुरते उरले. त्यांच्याही खाली कोणी होते का, हे विचारण्याची पद्धतच नाही. १७५६ साली विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचे आरमार इंग्रजांच्या हल्ल्यात जळाले, आणि त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. कोणत्या राज्याचे आरमार कोणी जाळू दिले याची चर्चा होते, त्यांवर कोण होते याची होत नाही. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने सुंची येथील सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष तपासले, त्यात तोफांबरोबर हत्तीचे सुळे आणि पाणघोड्याचे दात मिळाले. म्हणजे आपल्याही समुद्राच्या तळाशी आफ्रिका आहे. शोधणाऱ्याने तोफेपाशी थांबू नये, एवढीच अपेक्षा.

साहित्याच्या समीक्षेला यातून घेण्यासारखे काय आहे, ते थोडक्यात सांगतो. एक, सुंदर दस्तऐवजात कोण नाही हे आधी पाहावे. दोन, अपयशाचा दोष खालच्यांवर टाकणारी कथा कितीही जुनी, कितीही शास्त्रीय भाषेतली असो, तिच्या सांगणाऱ्याचे नाव विचारावे. तीन, साक्षीदाराच्या जन्माकडे बोट दाखवून त्याची साक्ष फेटाळणे ही समीक्षा नव्हे, ती व्यापाऱ्यांच्या वकिलाची हरकत आहे. दलित लेखकाच्या भाषेवर, त्याच्या अनुभवाच्या 'मर्यादे'वर, त्याच्या 'आक्रस्ताळेपणा'वर घेतले जाणारे आक्षेप या कसोटीवर एकदा घासून पाहावेत. त्यांतले काही आक्षेप खरे ठरतील. ते आपण स्वीकारू, कारण साक्ष तपासली गेलीच पाहिजे. मात्र ती तपासण्यासाठी आधी नोंदवून घ्यावी लागते.